आक्काचं इमान आलं होतं

माझा नातू हैदराबादेत नोकरीला असतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. या वेळी बस धरणार नाही, विमानाने औरंगाबादला उतरतो आणि तिथून गाडीने गावाकडे येतो, म्हणाला. मी सहज विचारलं, "किती वेळ लागतो रे?"

"वेळ कसला, आजोबा? सव्वाचारशे किलोमीटर. एक तास बारा मिनिटं."

मी फोन कानाला लावून तसाच बसून राहिलो. तो पलीकडून हॅलो, हॅलो करत होता.

एक तास बारा मिनिटं म्हणजे बहात्तर मिनिटं. चोवीस मिनिटांची एक घटका होते हे आता कुणाला ठाऊक नसतं, मला लहानपणापासून पाठ आहे. बहात्तर मिनिटं म्हणजे बरोबर तीन घटका. हैदराबाद ते औरंगाबाद, तीन घटका. हेच वाक्य मी साठाहून जास्त वर्षांपूर्वी, निजामाच्या राजवटीत, भर चावडीवर मोठ्या दिमाखात बोललो होतो. तेव्हा ते साफ चुकीचं होतं. त्या चुकीने एका पोराचं ठरलेलं लग्न मोडलं, त्याची आई गावात खोटी ठरली, आणि चूक कळल्यावरही मी गप्प राहिलो. आता तेच वाक्य तिकिटावर छापून मिळतं.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मुलाला वाटलं, पित्त झालं.

माजलगावच्या आसपास पाचदहा गावांत एक बोलणं आहे. कुणी मोठी थाप मारली, कबूल करून आला नाही, की लोक म्हणतात, "आक्काचं इमान!" विमानाला आमच्याकडची जुनी माणसं इमानच म्हणतात. वीजवाला "दुपारपर्यंत लाईट येईल" असं सांगून गेला की पारावरची पोरं हसतात, "येतंय की, आक्काचं इमान." ही आक्का कोण, हे त्या पोरांना माहीत नाही. मला माहीत आहे. आणि तिचं विमान आलं होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

तेव्हा मी बाविशीच्या आत होतो. सिंदफणेच्या काठी एका गावात सरकारी मदरशावर, म्हणजे प्राथमिक शाळेवर, मास्तर होतो. ते गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे. शिकवायचं उर्दूतून, बोलायचं मराठीतून, आणि गावाला उर्दू येत नसल्यामुळे कचेरीचा कागद असो की कुणाचं पत्र, वाचायला माझ्याकडेच यायचं. मी वाचेन ते पत्र आणि मी सांगेन ती वेळ. शाळेत एक चावीचं घड्याळ होतं. गावात दुसरं नव्हतं. आठवड्यातून एकदा माजलगावच्या टपाल कचेरीत जाऊन मी ते तिथल्या घड्याळाशी लावून आणत असे, काखेत धरून, लेकरू धरावं तसं. लोक वाटेत थांबवून विचारायचे, "मास्तर, किती वाजले?" मी उगाच जरा वेळ घड्याळाकडे बघून उत्तर द्यायचो.

आक्का विधवा होती. थोडी जमीन, शेजारी दिराचं घर, आणि एकुलता एक पोरगा. तो त्याच मदरशात चौथीपर्यंत शिकला, मी तिथे येण्याआधी. मग हैदराबादला गेला आणि तिथे विमानांच्या मैदानावर कामाला लागला. आधी गवत कापायला, मग तेलाचे डबे उचलायला, मग यंत्र दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली. पत्र उर्दूत लिहायचा. त्यात मैदानाला 'हवाई अड्डा' म्हटलेलं असे. आमच्याकडे अड्डा म्हणजे शिंदीच्या दारूचा.

"आक्के, पोरगं अड्ड्यावर बसतंय म्हनं तुजं," कुणीतरी मुद्दाम म्हणायचं.

"इमानाचा अड्डा हाय त्यो, मेल्या. तुज्या शिंदीचा न्हवं."

"आन् इमान पेतंय का काय मग?"

"पेतंय की. तुज्यापरीस कमी पेतंय."

लोक हसायचे, तीही हसायची. पण चकलांब्याच्या एका चांगल्या घरची मुलगी त्या पोराला सांगून आली आणि सुपारी फुटली, तेव्हापासून ही थट्टा तिला झोंबायला लागली. कारण मुलीच्या बापाच्या कानावर कुणीतरी घातलं, की पोरगा तिथं झाडू मारतो. विमानात बसतो वगैरे सगळ्या थापा.

फाल्गुन संपत आला होता. ज्वारी निघून रानं मोकळी झाली होती. तेव्हा ते पत्र आलं. आक्का ते पदरात गुंडाळून शाळेत घेऊन आली आणि उंबऱ्याशी बसली. मी मोठ्याने वाचत गेलो आणि वाचता वाचता मराठी करत गेलो. येत्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, सकाळी आठ वाजता साहेबांबरोबर विमानातून औरंगाबादला निघणार. यंत्राकडे बघायला मला नेतायत. साहेब म्हणतात, वाट माजलगावावरून आहे, पुढे नदी धरून. आपल्या रानात पांढरी धोतरं अंथरून ठेव. ती दिसली तर साहेब विमान खाली आणून एक घिरटी घालतील आणि मी लाल फडक्यात बांधून तुला काहीतरी टाकीन. चकलांब्याच्या पाव्हण्यांना बोलावून घे. त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघावं. औरंगाबादला पोचायला इतका वेळ लागतो. गावावर कधी येऊ ते मास्तर हिशोब करून सांगतील.

इतका वेळ म्हणजे किती? पत्रात होतं, तीन घंटे. उर्दूत घंटा म्हणजे तास. पण आक्काला घंटा म्हटलं की देवळातली. आधी दोनतीनदा ती म्हणाली होती, "कावून घंटा वाजवत्यात तिथं?" म्हणून तिच्यासाठी वाचताना मी घंटा हा शब्द टाळायचो. तिच्या तोंडी घटका होती, गावाच्या तोंडी घटका होती. मी सहज म्हणून गेलो, "तीन घटका लागतात."

"तीन घटका?" तिने डोळे मोठे केले. "अगं माय! तीन घटकंत भाकरी तरी हुतेत का?"

एवढंच झालं. एका शब्दाचा फरक. पण एका म्हातारीला कळावं म्हणून सैल बोललेला शब्द मी पुढे स्वतःच खरा धरला. हिशोब करायला बसलो तेव्हा पत्र आक्काच्या घरी देवाऱ्यात होतं. ते पुन्हा मागवून बघावं असं मला वाटलंही नाही. पत्र मीच वाचलं होतं ना!

शाळेच्या भिंतीवर राज्याचा मोठा नकाशा होता. त्यावर हैदराबादपासून औरंगाबादपर्यंत मी पांढरा दोरा ताणला. दोरा माजलगावच्या टिंबाला घासून गेला. आमचं गाव नकाशात नव्हतं, पण दोऱ्याखाली कुठेतरी ते होतंच. दोरा मोजपट्टीला लावला, मैल काढले. दोनशे साठ. तीन वाट्यांतले दोन सरून वर थोडं, तिथे आमचं गाव. तीन घटकांतल्या दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, वरची तीन. आठला निघालेलं विमान नऊला नऊ मिनिटं कमी असताना आमच्या डोक्यावर.

गुरुवारी चकलांब्याचे पाव्हणे दमणीतून आले. मुलीचा बाप जाडजूड, कमी बोलणारा. बरोबर त्याचा मेहुणा आणि गाडीवान. चावडीवर सगळं गाव जमलं होतं. मी नकाशा तिथे नेला, दोरा ताणून दाखवला.

"दोनशे साठ मैल," मी म्हणालो. "बैलगाडीला मुक्काम करत करत पंधरा दिवस. विमानाला तीन घटका."

मग एकदम सगळे बोलायला लागले.

"काय बोलता, मास्तर!"

"तीन घटकंत तर म्या ओढ्याला जाऊन येतो."

"तुजं पोट बिघडल्यालं हाय म्हनून, बे!"

मुलीच्या बापाने हसण्याकडे लक्ष दिलं नाही. त्याने मला विचारलं, "मास्तर, येवढं जोरात पळल तर मानूस आत जित्तं ऱ्हाईल का?"

किती शहाणा प्रश्न होता तो! त्या वेळचं विमान तासाला शंभर मैलसुद्धा धड पळत नव्हतं, हे मला पुढे अनेक वर्षांनी कळलं. त्या अडाणी शेतकऱ्याला ते पोटातून जाणवलं होतं. पण गावाचा तो अचंबा मला दारूसारखा चढला होता. खरा आकडा सांगून तो याच्या निम्माही चढला नसता. मी म्हणालो, "पाव्हणं, गणित आहे. गणित चुकत नाही."

"नऊला नऊ मिंटं कमी?"

"नऊला नऊ मिनिटं कमी."

शुक्रवारी शाळेला जुम्म्याची सुट्टी. सकाळी सातालाच लोक आक्काच्या रानात आले. चार पांढरी धोतरं धसकटांवर अंथरली, कोपऱ्यांवर दगड ठेवले. आक्काच्या पुतण्याची बायको, नवीनच लग्न होऊन आलेली, वाऱ्याने उडालेलं टोक पुन्हा पुन्हा सरळ करत होती. आक्का न्हाऊन, नवं लुगडं नेसून उभी होती. पत्र तिने देवाऱ्यातून काढून बरोबर आणलं होतं आणि ते चुरगळू नये म्हणून माझ्या हाती दिलं होतं. मी ते न उघडता कोटाच्या खिशात ठेवलं. बांधावर दगडावर घड्याळ मांडलं आणि त्याच्याशेजारी बसलो.

साडेआठ झाले. पावणेनऊ. नऊला नऊ कमी. सगळ्या माना वर. आभाळ कोरं होतं. एक घार फिरत होती, तिलाच एकदोघांनी ओरडून दाखवलं.

नऊ वाजले. सव्वानऊ.

"आक्के, पोरगं वाटंत बैल पाजायला थांबलंय का?" कुणीतरी म्हणालं. हसू फुटलं. आक्का हसली नाही.

साडेनऊला मुलीचा बाप माझ्याजवळ आला. आवाज चढलेला नव्हता. "मास्तर, तुमचा हिशोब चुकला का?"

मी काय म्हणालो ते शब्दाला शब्द लिहितो. "हिशोब चुकत नाही. माणूस खोटं बोलतो."

आक्काने माझ्याकडे पाहिलं. तिच्यापुढे दोन गोष्टी होत्या, तिचा पोरगा आणि मास्तर, आणि मास्तर खोटा असू शकतो हे तिच्या डोक्यात येतच नव्हतं. मुलीचा बाप तिच्यासमोर हात जोडून म्हणाला, "आक्का, राग धरू नगा. आमची सुपारी आमाला परत." आणि दमणी जुंपायला सांगून निघाला. ऊन व्हायच्या आत त्याला ओढ्यापलीकडचा चढ चढायचा होता. धोतरं काढली गेली. पुतण्याच्या बायकोने घड्या घालून काखेत घेतली. लोक पांगायला लागले, पण बरेच तिथेच तंबाखू मळत बसून राहिले. दुसऱ्याचं हसं झालं की माणूस लगेच घरी जात नाही.

मी उठताना खिशात हात घातला. पत्र लागलं. आक्काला परत द्यावं म्हणून काढलं, आणि का कोण जाणे, उघडलं.

तीन घंटे.

अक्षर मुलाचं होतं, गोल, शाळकरी, एकेक नुक्ता, म्हणजे टिंब, जागच्या जागी. चुकून वाचण्याजोगं काही नव्हतंच. घंटे. मी ते तीनदा वाचलं. तीन तास. तीन तासांतले दोन सरून वर थोडं. म्हणजे दहाच्या पुढे. मी घड्याळाकडे पाहिलं. दहाला दहा कमी होते.

दमणी दिसत होती. ओढ्याच्या उताराला लागली होती, धुरळा उडत होता. दोन पोरं धावत पाठवली असती तर गाडी थांबली असती. नुसती हाक मारली असती तरी चाललं असतं. माझ्याजवळ वीस मिनिटं होती. मी काय केलं? पत्राची घडी केली. आक्काला परत दिली. घड्याळ काखेत घेतलं. मनात म्हणालो, कदाचित येणारच नाही. साहेबाने ऐन वेळी बेत बदलला असेल. येऊ नये, असंच मला वाटत होतं. त्या वीस मिनिटांत मी देवाला तेवढंच मागितलं.

सव्वादहाच्या आसपास आग्नेयेकडून आवाज आला. आधी मोहोळ उठल्यासारखा, मग मोठा. सगळे उठून उभे राहिले. विमान आलं, नदी धरून, दोन पंखांचं, चतुरासारखं. त्याआधी आमच्या गावाने विमान पाहिलं नव्हतं. बायका ओरडल्या, गुरांनी दावी तोडली. ते खाली आलं. माणूस दिसेल इतकं नाही, पण चाकं दिसली. आमच्या रानावरून एक घिरटी झाली. मग दुसरी. शोधत होतं ते. मी मान वर करून उभा होतो आणि मला कळत होतं, की वर कुणीतरी पांढरं शोधतंय आणि पांढरं खाली पुतण्याच्या बायकोच्या काखेत आहे. मग ओढ्यापलीकडे, बाभळींच्या मागे, काहीतरी लाल पडताना मला दिसलं. बाकी सगळे विमानाकडे बघत होते. विमान वर चढलं आणि वायव्येला निघून गेलं.

आक्का माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. तेवढ्यात ओढ्याकडून पाव्हण्यांचा गाडीवान धापा टाकत आला. मालकाने दमणी थांबवून त्याला परत पाठवलं होतं.

"मास्तर! मालक इच्यारत्यात, ह्ये पोराचंच इमान का? तुमी हो म्हनले तर मालक माघारी येतेत."

त्या माणसाचा श्वास लागलेला, आक्काचे डोळे माझ्यावर, सगळं गाव गोळा झालेलं. एक 'हो' म्हणायचं होतं. पण त्या 'हो'च्या मागोमाग 'मग नऊला नऊ कमी कसं?' येणार होतं, आणि 'माणूस खोटं बोलतो' हे मी कुणाला म्हणालो होतो तेही.

"नाही," मी म्हणालो. "याची वेळ जुळत नाही. हे दुसरं. सरकारी असेल."

गाडीवान आला तसा परत गेला. मला आजही धक्का बसतो तो याचा, की कुणी मला उलट विचारलं नाही. लोकांनी डोळ्यांनी विमान पाहिलं, दोन घिरट्या पाहिल्या, आणि तरी मान डोलावली. मास्तर म्हणाले ना! आक्का तर माझीच समजूत काढल्यासारखं म्हणाली, "असंल बाबा. त्याचं नसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाभळींच्या मागे गेलो. लाल फडकं धसकटात अडकलं होतं. आत एक चोळीचा खण, वजनासाठी एक लोखंडी चकती, आणि पेन्सिलीने, हलत्या हाताने लिहिलेला कागद. शब्द मराठी, लिपी उर्दू. "आई मी वर हाय. धोतरं दिसंनात."

मी ते सगळं घरी नेलं आणि पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलं.

दिवाळीला पोरगा आला. मुलीचं लग्न तोवर दुसरीकडे होऊन गेलं होतं. गावाच्या तोंडी 'आक्काचं इमान' बसलं होतं. संध्याकाळी तो शाळेत आला, मी एकटाच होतो. पत्र त्याच्या हातात होतं. त्याने ते माझ्यासमोर टेबलावर ठेवून एका शब्दावर बोट ठेवलं.

"काय लिवलंय, मास्तर?"

मी म्हणालो, "घंटे."

"आन् तुमी काय सांगितलं?"

तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. "आन् लाल गठुडं?" त्याने विचारलं.

"कुणाला सापडलं नाही," मी म्हणालो. ही दुसरी थाप, आणि पहिलीहून वाईट. शब्दाची चूक माणसाकडून होते. पेटीत ठेवलेलं गाठोडं चूक नसतं.

त्याने नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्या आत्ता चावडीवर बोललो तर तुमाला गावात ऱ्हाता येनार न्हाई. मग आईला पत्र कोन वाचनार? तिला दुसरं कोनी न्हाई. म्हनून म्या गप ऱ्हातो. पर तिला तुमी सांगा, मास्तर. म्या सांगितलं तर तिला वाटंल, पोरगं आपली बाजू घितंय. तुमी सांगितलं तर पटंल."

मी हो म्हणालो. त्याने माझ्या पायाला हात लावला. का लावला, मला माहीत नाही. मास्तर होतो म्हणून असेल.

मी सांगितलं नाही. आज जातो, उद्या जातो करत राहिलो. त्यानंतर दोनेक वर्षं त्याची पत्रं येत राहिली आणि मी ती आक्काला वाचून दाखवत राहिलो. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ असे: 'मास्तरांनी तुला सांगायचं ते सांगितलं का, ते कळव.' प्रत्येक वेळी ती ओळ आली की मी पत्राची घडी करायचो आणि म्हणायचो, "बाकी खुशाली." आणि आक्का म्हणायची, "त्याला लिवा, मास्तर, की आता तरी खोटं बोलू नगं म्हनावं. गरिबानं बी इमानानं ऱ्हावं." मी लिहायचो. तिच्या सांगण्यावरून तिच्या पोराला ते मी माझ्या हाताने लिहिलं आहे. आपण असं करू शकलो याचा धक्का मला त्या दिवसापेक्षा आज जास्त बसतो.

एका उन्हाळ्यात आक्का तापाने गेली. तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं, की पोराने आपल्याला भरल्या गावात खोटं पाडलं. पोरगा दहाव्याला आला. माझ्याकडे आला नाही. चावडीवरून जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली, आणि त्याला कळलं. त्यानंतर तो गावात आला नाही. पुढे तो कुठे गेला, कसा जगला, मी शोधलं नाही. शोधायची हिंमत नव्हती.

नातू विमानाने आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडली. फडक्याचा लाल रंग विटून विटकरी झाला आहे. खण घडीवर फाटला आहे. कागद मात्र शाबूत आहे. नातवाला म्हणालो, मला धरणाच्या वर वसलेल्या नव्या गावात घेऊन चल. आक्काच्या पुतण्याचं घर तिथे आहे. पुतण्या गेला, त्याची बायको आहे. तीच, जी त्या दिवशी धोतरं सांभाळत होती. आता ऐंशीला टेकली असेल. ओसरीत बाजेवर बसली होती. दिसतं कमी, ऐकू येतं.

मी तिला सगळं सांगितलं, जसं वर लिहिलं आहे तसं. घरातली सुना-नातवंडं भोवती जमली. मी कागद काढून वाचून दाखवला. "आई मी वर हाय. धोतरं दिसंनात." एक तरुण पोरगा म्हणाला, "म्हंजी आक्काचं इमान खरं व्हतं का?" आणि हसायला गेला, पण त्याला हसता आलं नाही.

म्हातारीने खण बोटांनी चाचपला. मग म्हणाली, "आता कावून सांगता, मास्तर?"

मी म्हणालो, "लिहून ठेवलंय सगळं. काही लपवलं नाही."

"समदं लिवलंय?"

"सगळं."

"म्या पळाले ते बी?"

मला कळलं नाही.

"इमान घिरटी घालीत व्हतं," ती म्हणाली, "तवा म्या धोतरं घिऊन पळाले. म्हनलं हातरावं, काय जातंय आपलं? त्याचं असंल तर दिसंल. एक तर उलगडलं बी व्हतं. तुमी म्होरं आले आन् हात आडवा केलता. म्हनले, ऱ्हाऊ दे पोरी, त्ये आपलं न्हवं. म्या नवी नवरी. मास्तरच्या म्होरं कशी जाऊ? पुन्यांदा घडी केली."

नातू माझ्याकडे बघत होता.

मला हे आठवत नाही. साठ वर्षं मी तो दिवस रोज आठवत आलो, घड्याळ, पत्र, गाडीवान, सगळं. पण हा हात त्यात कधी नव्हता. मी समजत होतो की मी फक्त गप्प राहिलो, आणि विचारलं तेव्हा खोटं बोललो. पण तिला खोटं सांगायचं कारण नाही, आणि तिच्या बोलण्यातलं 'ऱ्हाऊ दे पोरी' हे माझंच बोलणं आहे, मी शाळेतल्या मुलींना तसंच म्हणत असे.

तेव्हा तेही इथे लिहितो. विमान आक्काच्या पोराचं होतं. पत्रात घंटे होते, घटका मी सांगितली. आणि पांढरं धोतर पुन्हा अंथरलं जात होतं, तेव्हा हात मी आडवा केला होता.